पेट्रोलमधला मका आणि पॉवरगुड्याचा करंज

स्कूटीची टाकी पाच लिटरची. पंपावर ती भरून घेतली की त्यात लिटरभर इथेनॉल आले, कारण देशात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलेच पेट्रोल मिळते. टनभर मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे त्या एका लिटरपायी अडीच किलोच्या वर मका गेला. मी पिठाची गिरणी चालवते. मला लिटरपेक्षा किलोचा हिशेब लवकर समजतो. अडीच किलो पिठाच्या पंचवीसेक भाकरी होतात. इथेनॉल तांदळाचे असेल तर लिटरला सव्वादोन किलो तांदूळ लागतो. आमच्या तेलंगणात रेशनकार्डावर माणशी महिन्याला सहा किलो तांदूळ मिळतो. तेव्हा असले तेरा-चौदा लिटर पेट्रोल जाळले की एका माणसाचे महिन्याचे रेशन संपले.

दळणाला आलेल्यांना हा हिशेब सांगितला की काही जण हसतात, काहींना पटतच नाही. डिप्लोमा झालेल्या एका पोराने मात्र सरळ विचारले, "काकू, मंग का पेट्रोल अरबाकडूनच घेत राहाचं का जन्मभर?" प्रश्न रास्त आहे. गिरणीच्या आवाजात त्याला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे महाराष्ट्र. माझे माहेर तिकडचे, पांढरकवड्याकडचे. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. खरिपात कापूस, सोयाबीन, तूर. बोअरला पाणी टिकले तर रब्बीत हरभरा, ज्वारी, मका. आमचीही सहा एकर काळी जमीन आहे. गिरणीवर वर्षभर ज्वारी येते, लग्नसराईत गहू जास्त, आणि मका येतो तो बहुतेक गाईम्हशींच्या आणि कोंबड्यांच्या भरड्यासाठी. ज्वारी एका दळणात मऊसूत उतरते. मक्याचे तसे नाही. तो आधी भरडावा लागतो, मग दळावा लागतो. दगड तापतो, टरफल उडते, पट्टा ओरडतो. मक्याच्या दळणाला मी किलोमागे जास्त पैसे घेते आणि त्यावरून रोज वाद होतो, तो भाग वेगळा.

मक्याला अचानक एवढा मान कुठून आला ते थोडक्यात सांगते. देशाचे जैवइंधन धोरण २०१८ चे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल २०३० पर्यंत घालायचे ठरले होते. २०२२ मध्ये ती मुदत अलीकडे ओढून २०२५-२६ केली. घाई झाली, पण ऊस काही घाईने वाढत नाही. जुलै २०२३ मध्ये तांदूळ महाग झाला म्हणून अन्न महामंडळाने इथेनॉलवाल्यांचा तांदूळ बंद केला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही बंदी आली. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी त्यावर केलेली आरडाओरड वाचकांच्या लक्षात असेल. मग उरला मका. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव ठरला आणि खरेदीदार पक्का, सरकारी तेल कंपन्या. वर्षा-दोन वर्षांत देशात मक्याचे इथेनॉल उसाच्याही पुढे गेले. जो देश मका बाहेर विकत होता, त्याने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला. परदेशी तेल नको म्हणून परदेशी मका! कोंबडीखाद्य महागले, तशी पोल्ट्रीवाल्यांनी बोंब मारली. आमच्याकडे अंगणवाडीत आरोग्य लक्ष्मी योजनेत गरोदर बाईला रोज एक अंडे मिळते. त्या अंड्याची नि पेट्रोलची गाठ अशी पडली.

शेतकऱ्याचा त्यात फायदा झाला का? झाला. नाही म्हणणे खोटेपणाचे होईल. वर्षभर मक्याला बरा भाव मिळाला, आमच्या गावातही लोकांनी हरभरा मोडून मका धरला. मग देशभर सगळ्यांनीच मका धरला. २०२५ च्या खरिपात आधारभाव क्विंटलला २,४०० रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी खाली भाव, अशी गत झाली. नोव्हेंबरात कर्नाटकात गदग-हावेरीचे शेतकरी मक्यासाठी रस्त्यावर उतरले. इथेनॉलचा भाव लिटरवर बांधलेला आहे; शेतकऱ्याकडून मका काय भावाने घ्यायचा हे डिस्टिलरीवर कोणी बांधलेले नाही. खालचा माल स्वस्त झाला की मधला फरक कोणाच्या खिशात जातो, हे अडतीवर बसलेल्या माणसाला विचारायची गरज नाही.

पण आमच्या भागाला खरा फटका मक्याने दिला नाही, सोयाबीनने दिला. ही गोष्ट वर्तमानपत्रात फारशी येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मक्यातला नाहीतर तांदळातला पिठूळ भाग आंबवून इथेनॉल काढले की मागे चोथा उरतो. तो वाळवून जनावरांचे खाद्य म्हणून विकतात. बाजारात त्याला डीडीजीएस म्हणतात. टनभर मक्यामागे साधारण तीनशे किलो असा माल निघतो. त्यात प्रथिने चांगली असतात आणि तो सोयापेंडीच्या निम्म्याच्या आसपास भावात मिळतो. खाद्य कारखान्यांनी आणि पोल्ट्रीवाल्यांनी सोयापेंड कमी करून तो घ्यायला सुरुवात केली. आता सोयाबीनचे गणित असे, की त्यात तेल फक्त अठरा-वीस टक्के. बाकी सगळी पेंडच. सोयाबीनचा भाव पेंडीवर उभा असतो. पेंडीचा उठाव गेला की दाण्याचा भाव बसलाच. वर खाद्यतेलाची आयात आहेच. २०२४-२५ ला सोयाबीनचा आधारभाव ४,८९२ रुपये होता आणि लोकांनी चार हजार, एकेचाळीसशेला माल घातला. आम्हीही घातला. ओलावा जास्त आहे म्हणून व्यापाऱ्याने आणखी कापले. त्याचे नाव लिहिण्यात अर्थ नाही, सगळेच कापतात.

म्हणजे पाहा, आमच्या वावरात मका नाही, आमच्या मंडलात डिस्टिलरी नाही, तरी इथेनॉलने आमचे पोते हलके केले. इथेनॉलमुळे अन्नदाता ऊर्जादाता झाला, असे भाषणात ऐकते तेव्हा मला विचारावेसे वाटते, कोणता अन्नदाता? मकावाला की सोयाबीनवाला? विदर्भ, मराठवाडा आणि आमचा आदिलाबाद-निर्मलचा पट्टा सोयाबीनवर जगतो. इथेनॉलचे लक्ष्य ठरवताना या पट्ट्याचे काय होईल याचा विचार झाल्याचे कुठे वाचनात नाही.

आता तांदूळ. मक्यावर ताण आला तसा तांदूळ परत आला. २०२४-२५ च्या हंगामासाठी अन्न महामंडळाच्या कोठारातला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी राखला गेला, किलोला साडेबावीस रुपये भावाने. हाच तांदूळ खरेदी, भरडाई, पोती, भाडे, साठवण धरून महामंडळाला किलोमागे सुमारे चाळीस रुपयांना पडतो. सहा किलोच्या हिशेबाने माणसाला वर्षाला बहात्तर किलो लागतात. ५२ लाख टनांत सात कोटी माणसांचे वर्ष निघते. तेलंगणाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेतीन कोटी होती.

यावरचे उत्तर मला पाठ आहे: कोठारे ओसंडून वाहताहेत, तांदूळ सडण्यापेक्षा कामाला आलेला बरा. अर्धे खरे आहे. साठा गरजेच्या कितीतरी पट आहे. पण तो एवढा का साचला? सरकार खात्रीने विकत घेते ते धान. आमच्या राज्यात गावोगावी धान खरेदी केंद्र उघडते. ज्वारीचे केंद्र उघडले तर उघडले. मग ज्याला पाणी आहे तो धान लावणारच. आधी भावाची खात्री देऊन नको तेवढा तांदूळ पिकवायचा, मग जागा नाही म्हणून तो निम्म्या किमतीत जाळायचा, आणि त्याला हवामानाचे काम म्हणायचे. आणि २०२३ मध्ये कर्नाटक सरकार गरिबांच्या अन्नभाग्य योजनेसाठी किलोला ३४ रुपये रोख मोजायला तयार होते, तेव्हा राज्यांना तांदूळ विकणे बंद केले गेले. त्याच काळात इथेनॉलला तांदूळ वीस रुपयांनी जात होता. पुढे महिनाभरात तोही थांबला, पण पहिली पसंती कोणाला होती ते दिसून आले.

भूक म्हणजे पोटात भात नसणे एवढेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणातल्या पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांपैकी सात रक्तक्षयी निघाली. ती भातानेच भरलेली पोटे आहेत. त्यांना डाळ हवी, अंडे हवे, ज्वारी-बाजरी हवी, तेल हवे. आपण डाळ आणि तेल बाहेरून आणतो आणि तांदूळ गाडीत घालतो.

हवामानाचे काय? इथेही आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा दाखला पुरतो. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. मंचेरियालच्या वाट्याला सिंगरेणीचा कोळसा आला, आणि जयपूर मंडलात त्या कोळशावर चालणारे १,२०० मेगावॅटचे वीज केंद्र. ही वीज राज्यात जाते, शेतीपंपांना फुकट. पंप बोअरमधून पाणी उपसतो, पाणी धानात उभे राहते, उभ्या पाण्याच्या चिखलातून मिथेन निघतो, वरून युरिया पडतो. तो तांदूळ गोदामात जातो, गोदामातून डिस्टिलरीत, तिथे बॉयलर पेटतो, आणि शेवटी पेट्रोलच्या टाकीत लिटरभर 'हरित' इंधन पडते. त्यातही गंमत अशी की इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, म्हणजे लिटरभर इथेनॉलने पेट्रोल वाचले ते जेमतेम पाऊण लिटरच्या आत. काळा कोळसा जाळून पाणी उपसायचे, त्या पाण्यावर तांदूळ, तांदळावर इंधन. असा लांबचा वळसा घालून कर्ब वाचतो की वाढतो, हे मोजल्याशिवाय त्याला स्वच्छ म्हणू नये.

अमेरिकेने हा खेळ आपल्या आधी केला. तिथे पिकणाऱ्या मक्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त मका इथेनॉलला जातो. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे टायलर लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडले की इथेनॉलसाठी नव्याने नांगरलेली जमीन आणि वाढलेले खत हिशेबात धरले तर मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी कर्बाचे ठरत नाही, उलट चोवीस टक्के जास्त भरू शकते. इथेनॉल उद्योगाने तो अभ्यास अमान्य केला, करणारच. पण युरोपने २०१५ मध्येच अन्नपिकांपासूनच्या इंधनावर सात टक्क्यांची मर्यादा घातली होती. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोतले लोक टॉर्टिया महागली म्हणून मोर्चे काढत होते. टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरच. त्या महागाईला इथेनॉल एकटेच कारण नव्हते, पण कारणांत ते होतेच. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्काचे प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी अन्नाचे इंधन करणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. मी त्या टोकाला जाणार नाही. कुजका, खाण्यालायक न राहिलेला दाणा डिस्टिलरीत गेला तर माझी काही तक्रार नाही.

आमच्या शेजारी निर्मल जिल्ह्यात दिलावरपूरला इथेनॉल कारखाना उभा राहत होता. दिलावरपूर, गुंडमपल्ली आणि आजूबाजूच्या गावच्या लोकांनी, त्यात बायका पुढे, नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस निर्मल-भैंसा रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६१, अडवून धरला. महसूल अधिकाऱ्यांची गाडी तासन्‌तास सुटली नाही. दुसऱ्या दिवशी काम थांबवल्याचे सरकारने जाहीर केले. कारखान्याचा वास, सांडपाणी, धूर आणि विहिरींची काळजी, हे त्यांचे मुद्दे होते. भैंशाच्या माझ्या नणंदेचे म्हणणे वेगळे. ती म्हणते, "वहिनी, कारखाना आला असता तर मक्याले गिऱ्हाईक तर झालं असतं दारात." तिचेही चुकीचे नाही. शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे असते. तो धूर आणि गिऱ्हाईक यांतून एक निवडायला बसलेला नसतो. पण गिऱ्हाईक एकच असले आणि भाव त्याच्या हाती असला, तर ते गिऱ्हाईक कसे वागते हे कापसात आपण बघतोच. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस महामंडळ उतरले नाही त्या दिवशी भाव काय होतो, हे कोणालाही विचारा.

याच जुन्या जिल्ह्यात इंधनाचा दुसरा एक मार्ग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चालून पाहिला गेला होता, आणि तो आज कोणी आठवत नाही. जैनूर मंडलात पॉवरगुडा म्हणून आदिवासी वस्ती आहे, आता आसिफाबाद जिल्ह्यात. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी २००२ मध्ये करंजाची साडेचार हजार रोपे लावली. उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेने तेलघाणी दिली, हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने शास्त्राची बाजू सांभाळली. दहा वर्षांत ही झाडे ५१ टन तेल देतील, ते डिझेलच्या जागी वापरले तर १४७ टन कर्बवायू वाचेल, असा हिशेब मांडला गेला. आणि ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक बँकेने तो १४७ टन वाचणारा कर्ब या बायकांकडून ६४५ डॉलरला विकत घेतला, वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या एका परिषदेचे उत्सर्जन भरून काढण्यासाठी. तेव्हाच्या भावाने तीस हजार रुपयांच्या आत. याच जिल्ह्यातल्या चालबर्डीने तर ९०० टन कर्ब एका जर्मन संस्थेला ४,१६४ डॉलरला विकला. त्या गावात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांच्या पुढाकाराने करंजतेलावर जनरेटर चालवून दिवे लागले होते.

करंज आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ओढ्याकाठी, बांधावर, सडकेच्या कडेला उभा असतो. गुरे त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून राखण लागत नाही. मुळांवर गाठी येतात, जमिनीला नत्र मिळते. उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा पिकून पडतात. शेंग फोडली की आत तपकिरी, चपटे बी, बहुधा एकच. माझी सासू त्याचे तेल बैलांच्या गोचिडांवर आणि पोरांच्या खरजेवर लावायची. वास असा की लावलेले पोर घरभर ओळखू यायचे. तेल कडू, माणूस खात नाही. पेंड वावरात टाकली तर खताचे काम करते आणि वाळवीही हटवते. चार किलो बियांना साधारण लिटरभर तेल निघते. म्हणजे हे इंधन कोणाच्या ताटातून उचललेले नाही, त्याला बोअर लागत नाही, आणि घाणीही गावात.

मग हे का टिकले नाही? झाडाला शेंगा धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि योजनांना तेवढा दम नसतो, हे एक. दुसरे कारण पैशाचे. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्राने बायोडिझेल खरेदीचे धोरण काढले आणि १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये भाव ठरवला. बनवायचा खर्चच त्याहून जास्त होता. कोण विकणार? मक्याच्या इथेनॉलला परवडेल असा भाव बांधून द्यायला आणि तो वाढवत न्यायला सरकारला जमले. आदिवासी बायकांच्या करंजाला ते जमले नाही. मध्येच २००३ च्या बायोडिझेल मोहिमेत मोगली एरंडाचे खूळ आले. ओसाड जमिनीवर वाटेल तसे उगवते म्हणून गावोगाव रोपे वाटली. उगवले खरे, पाण्यावाचून बी मात्र धरले नाही. त्या फजितीत करंजही बदनाम झाला.

करंजावर देशाच्या गाड्या चालतील असे माझे म्हणणे नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. देशाला वर्षाला हजार कोटी लिटरच्या घरात इथेनॉल लागते. सगळे बांध करंजाने भरले तरी ते भागणार नाही. मजुरी धरली तर करंजाचे तेल आजही डिझेलच्या भावाशी जेमतेम जुळते. पण गुड्यावरचा पंप, ट्रॅक्टर, माझ्यासारखीची गिरणी, यांच्यापुरते ते होऊ शकते. सासऱ्यांच्या काळात आमची गिरणी डिझेल इंजिनवर होती. वीज गेली की अजूनही ते जुने धूड सुरू करावे लागते. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, असे वाचले आहे. आमचे धूड करंजावर कुरकुरेल, पण चालेल असे मेकॅनिकने सांगितले आहे. आणि पॉवरगुड्याच्या हिशेबातला एक भाग मला अजून खटकतो: टनाला साडेचार डॉलरपेक्षाही कमी. परिषद वॉशिंग्टनची, तिचा धूर पुसायला दहा वर्षे झाडे सांभाळायची ती जैनूरच्या बायकांनी, आणि भाव हा. तेव्हा ते पहिलेच पाऊल होते म्हणून सोडून देऊ. आज कर्बाचा बाजार मोठा झाला आहे, दर ठरवताना बायका टेबलाशी बसल्या पाहिजेत.

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांपासून, इथेनॉल करा, असेही कोणी सुचवते. हरियाणात पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला, तसा कापसाच्या पट्ट्यात का नको? कल्पना चांगली आहे. शहरातल्या माणसाला पऱ्हाटी कचरा वाटते. पण आमच्याकडे निम्म्या घरांत चुलीला तीच असते, गॅस सिलिंडर पाहुण्यांसाठी. आधी त्या बाईचा गॅस परवडेल असा करा, मग खुशाल पऱ्हाटी न्या.

त्या पोराच्या प्रश्नाकडे येते. पेट्रोल अरबाकडून घ्यायचेच नसेल तर कमी जाळावे लागेल. लाखभर कोटींहून जास्त परकीय चलन इथेनॉलने वाचले, असे सरकार सांगते. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेत बायकांना आरटीसी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून बेल्याहून आदिलाबादला जाणाऱ्या किती बायका नवऱ्याच्या मोटारसायकलवरून उतरून बसमध्ये बसल्या, हे कोणी मोजले का? बस भरून जाते, उभे राहायला जागा नसते, कंडक्टर वैतागतो. त्या बसेस दुप्पट करा. पेट्रोल तिथे वाचते, आणि त्यासाठी कोणाच्या तोंडचा घास लागत नाही.

आणि एक मागणी, नेमकी. इथेनॉलचे वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते. त्याच्या आधीच तेल कंपन्या किती इथेनॉल घेणार, कशापासूनचे घेणार, काय भावाने, हे जाहीर करून निविदा काढतात. आमची रब्बीची पेरणीही त्याच सुमारास असते. मका पेरणाऱ्याला पुढे कोणीतरी गिऱ्हाईक आहे हे कळलेले असते. ज्वारी पेरणाऱ्याला मार्कफेडचे, म्हणजे राज्याच्या सहकारी खरेदी संस्थेचे, केंद्र उघडणार की नाही, उघडले तर एकरी किती क्विंटल घेणार, हे पीक खळ्यावर आल्यावर कळते. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा आधारभाव ३,६९९ रुपये आहे, मक्यापेक्षा तेराशेने जास्त. कागदावर. मार्कफेडने आदिलाबाद जिल्ह्यातली ज्वारी आणि हरभऱ्याची खरेदी, केंद्रांची गावे आणि एकरी मर्यादा दरवर्षी ऑक्टोबरातच जाहीर करावी, तेलुगूबरोबर मराठीतही. खरेदी झालेली ज्वारी परराज्यात न पाठवता आधी आमच्या रेशन दुकानात आणि अंगणवाडीत द्यावी. दळून द्यायची सोय मंडलात आहे, दरही ठरवून घेता येईल.